बंद दुकाने आणि उघडा पडलेला आजार



वऱ्हाडात दारूविषयी बोलायचे म्हटले की प्रारंभ शेंडगावापासून करावा लागतो. अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील हे गाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखुबाई जाणोरकर या परीट दांपत्याच्या पोटी येथे डेबूजीचा जन्म झाला. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना गाडगे महाराज म्हणून वंदन केले, तेच हे डेबूजी. झिंगराजीला दारूचे व्यसन जडले, घर खचत गेले आणि मुलगा जेमतेम आठ वर्षांचा असताना झिंगराजीचा अंत झाला. आपल्या मुलाला या वाटेपासून दूर ठेव, असे त्याने अखेरच्या दिवसांत पत्नीला विनवल्याचे चरित्रकार सांगतात. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आल्या. दापुरे आजच्या अकोला जिल्ह्यात येते. एका जिल्ह्यात दारूने मोडलेले घर दुसऱ्या जिल्ह्यातील भावाच्या आधाराने उभे राहिले.

ही कथा कीर्तनांतून, शाळांतून, बौद्धिकांतून असंख्य वेळा सांगितली गेली आहे. ती सांगताना झिंगराजी हा दुर्गुणाचे उदाहरण म्हणून उभा केला जातो. तो रुग्ण होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. दारूने त्याचे शरीर पोखरले होते, ती सोडण्याची इच्छा अखेरीस त्याच्यापाशी होती, पण ती सोडवणारा वैद्य एकोणिसाव्या शतकातील त्या खेड्यात नव्हता. इच्छा होती, उपचार नव्हता. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतर कोरोनाच्या टाळेबंदीत वऱ्हाडातल्या कित्येक घरांवर नेमकी हीच वेळ आली.

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस. आदल्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली होती. वर्षप्रतिपदेच्या सकाळी अमरावतीचा राजकमल चौक आणि अकोल्याचा गांधी मार्ग ओस पडले होते. किराणा, दूध आणि औषधे यांची दुकाने चालू राहिली. मद्याची सर्व दुकाने, परमिट रूम आणि देशी दारूची केंद्रे बंद झाली. अनेक सज्जनांच्या मनात त्या दिवशी एक समाधानाची भावना आली असल्यास नवल नाही. जे इतक्या वर्षांच्या मोर्चांनी आणि निवेदनांनी घडले नाही, ते एका विषाणूने एका रात्रीत घडवून आणले, असे वाटण्यासारखीच ती परिस्थिती होती. बायाबापड्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांचा तो निःश्वास खराही होता. अधूनमधून पिणारे, संगतीने पिणारे, हातात पैसा आला की पिणारे असे कितीतरी जण त्या दिवसांत सहज थांबले. काही जण तर कायमचे सुटले.

पण दारू बंद होणे आणि दारू सुटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्या घरांना ठाऊक नव्हता, त्यांना तो पाडव्यानंतरच्या तीन-चार दिवसांत कळला.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरचा कर्ता पंधरा वर्षे रोज पिणारा आहे. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेऊनच तो कामाला जातो. दारू तुटल्यापासून सहा ते चोवीस तासांत हातांचा कंप वाढतो, दरदरून घाम सुटतो, मळमळते, झोप उडते, छातीत धडधडते. दुसऱ्या दिवसापर्यंत काहींना फेपऱ्यासारखे झटके येतात. आणि दोन दिवस उलटल्यावर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, शंभरातील तीन ते पाच जणांच्या बाबतीत सर्वांत भयंकर अवस्था सुरू होते. अंगात ताप चढतो, वेळकाळाचे भान सुटते, भिंतीवरून किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, आणि ज्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवले त्यांनाच रुग्ण ओळखत नाही. वैद्यकशास्त्र या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणते. जुन्या काळी, उपचारांविना, अशा तीन रुग्णांपैकी जवळजवळ एक दगावत असे. वेळेवर रुग्णालय मिळाले तर शंभरात पाचांहून कमी दगावतात. मधले अंतर केवळ औषधांचे आणि वेळेचे आहे.

असे का घडते, हे समजून घेणे अवघड नाही. मद्य मेंदूला गुंगवते. रोजच्या गुंगीला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना कायम चढती ठेवायला शिकतो. बैलाने ओढ धरलेली असताना अचानक जू काढून घेतले तर तो पुढे कोलमडतो, तसे येथे होते. गुंगी गेली, उत्तेजना राहिली. म्हणून डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन ती उत्तेजना पाच-सात दिवसांत हळूहळू उतरवतात, आणि त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचतात. हे थायमिन फार महत्त्वाचे. वर्षानुवर्षे जेवणाऐवजी दारू पोटात गेलेल्या माणसाच्या अंगात ते उरलेलेच नसते. खेड्यात अशक्त माणसाला ग्लुकोजची बाटली लावण्याची सर्रास पद्धत आहे. पण अशा रुग्णाला थायमिनवाचून नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. रुग्णाला कोठेही नेले तरी घरच्यांनी डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की हा रोज पिणारा आहे आणि इतक्या दिवसांपासून दारू तुटली आहे. लाजेपोटी हेच नेमके लपवले जाते.

टाळेबंदीत ही लाज तर होतीच, तिच्या जोडीला इतर अडचणी आल्या. ताप, घाम आणि वाढलेला श्वास पाहून शेजाऱ्यांना कोरोनाची शंका येई. नसलेल्या माणसांशी बोलणारा रुग्ण पाहून ‘बाहेरची बाधा’ झाल्याचे निदान होई आणि दवाखान्याआधी अंगारा लावला जाई. ज्या गाडगे महाराजांनी उभे आयुष्य देवऋषी आणि अंगारेधुपारे यांवर कोरडे ओढले, त्यांच्याच मुलखात ही समजूत अद्याप टिकून आहे. रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी, एसटी बंद, ऑटो बंद. मेळघाटातील पाड्यावरून परतवाड्याला किंवा अमरावतीला रुग्ण आणायचा तर आणणार कसा? अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयावर कोरोनाचा भार वाढत गेला, ठिकठिकाणी बाह्यरुग्ण विभाग आक्रसले. व्यसनमुक्ती केंद्रांनाही संसर्गाच्या भयाने नवे रुग्ण घेणे अवघड झाले. नेमक्या ज्या आठवड्यात या रुग्णांना खाट हवी होती, त्या आठवड्यात खाटेचा रस्ता बंद होता.

हे केवळ वऱ्हाडाचे दुखणे नव्हते. केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच दिवसांत दारू न मिळाल्याने काहींनी आत्महत्या केल्या. गोंधळलेल्या तेथील शासनाने ३० मार्च २०२० रोजी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांनीच त्याला विरोध केला आणि २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. चिठ्ठी औषधाची हवी, मद्याची नव्हे, ही डॉक्टरांची भूमिका योग्यच होती. तरीही त्या चुकीच्या आदेशात एक सत्य दडले होते. दारू तुटलेला माणूस डॉक्टरकडे न्यायचा असतो, एवढे तरी त्या शासनाने मान्य केले. बंगळुरूच्या रुग्णालयांतील नोंदींचा पुढे अभ्यास झाला. दारू तुटून गंभीर अवस्थेत येणाऱ्यांची रोजची सरासरी टाळेबंदीपूर्वी चार होती, ती आठ झाली. एका महानगरातील, रुग्णालयापर्यंत पोहोचू शकलेल्यांची ही संख्या. पाड्यावर राहिलेल्यांची नोंद कोणत्या वहीत असणार?

मग ४ मे २०२० उजाडला आणि देशात अनेक ठिकाणी मद्याची दुकाने उघडली. मुंबई-पुण्यातील किलोमीटरभर रांगा साऱ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या. मुंबईत तर दुसऱ्याच दिवशी दुकाने पुन्हा बंद करावी लागली. दिल्लीने दारूवर ७० टक्क्यांचा ‘विशेष कोरोना शुल्क’ लावला. तरी रांग तुटली नाही. महाराष्ट्रात मे महिन्याच्या मध्यापासून मद्य घरपोच देण्यास परवानगी मिळाली. शाळा बंद, मंदिरे बंद, आणि बाटली मात्र दारात! शासनाच्या तिजोरीची अडचण खरी असेल, परंतु हा क्रम समाजाच्या मनाला लागला, हे नाकारता येणार नाही.

त्या रांगांची पुष्कळ टिंगल झाली. मात्र रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काही जणांना ती बाटली मौजेसाठी नको होती. थरथरणारे हात थांबवण्यासाठी हवी होती. ‘बेवडा’ या एका शब्दात सारे गुंडाळून टाकणाऱ्या समाजाला या दोहोंतील फरक दिसत नाही.

बाटली घरात आल्यावर आजाराने दुसरे रूप धारण केले. जेथे दुकाने बंद राहिली तेथे दारू तुटल्याचे रुग्ण वाढले. जेथे ती उघडी राहिली तेथे यकृताचे. इंग्लंडमध्ये मद्यविक्रीची दुकाने अत्यावश्यक म्हणून चालूच होती. तेथे २०२० मध्ये मद्याशी संबंधित रुग्णालय-भरती एकूण घटली, कारण लोक रुग्णालयात जायलाच भीत होते. पण मद्यजन्य यकृतविकारासाठी तातडीने दाखल होणाऱ्यांची संख्या मागील वर्षापेक्षा १३.५ टक्क्यांनी वाढली. संपूर्ण ब्रिटनमध्ये थेट मद्यामुळे झालेले मृत्यू २०१९ मध्ये ७,५६५ होते, ते २०२० मध्ये ८,९७४ झाले. अमेरिकेत मद्याशी संबंधित मृत्यू ७८,९२७ वरून ९९,०१७ वर गेले. संपन्न देश, सुसज्ज रुग्णालये, घराघरांत टेलिफोन, आणि तरीही ही अवस्था. एकटेपणा, बुडालेला रोजगार आणि हाताशी असलेली बाटली यांनी मिळून हे केले.

यकृताचा हा आजार गाजावाजा करीत येत नाही. भूक मंदावते, डोळे पिवळे होतात, पाय सुजतात, पोटात पाणी होते. आणि एके दिवशी रक्ताची उलटी होते. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की काविळीचे झाडपाल्याचे औषध शोधण्यात आठवडे जातात. काविळीचे कारण यकृतातील दारू असेल, तर त्या औषधाबरोबर चालू असलेली दारू माणसाला संपवते. याच्या उलट, यकृत पूर्णपणे निबर होण्यापूर्वी दारू थांबली तर ते बऱ्याच अंशी सावरू शकते. शरीरातील फार थोड्या अवयवांपाशी अशी क्षमा असते.

कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम वऱ्हाडानेच अनुभवली. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. त्याच आठवड्यात अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर शहरांतही कडक निर्बंध लागले. उर्वरित महाराष्ट्र तेव्हा बव्हंशी मोकळा होता. एप्रिलमध्ये राज्यभर निर्बंध आले आणि दुकाने पुन्हा बंद झाली. मग ती घटना घडली. अमरावती विभागातीलच यवतमाळ जिल्ह्यात, वणी येथे, २०२१ च्या एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात दारू मिळाली नाही म्हणून काही जणांनी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर प्यायले. सात जण मरण पावले. मृतांत हातावर पोट असलेले कष्टकरी होते.

सॅनिटायझरच्या बाटलीवर ‘अल्कोहोल’ असे लिहिलेले असते, आणि ते खोटे नसते. परंतु पिण्यासाठी न बनवलेल्या या द्रवात मद्यार्काचे प्रमाण साठ-सत्तर टक्के वा त्याहून अधिक असते. काहींत आयसोप्रोपिल असते, आणि निकृष्ट मालात मिथेनॉल म्हणजे विषारी मद्यार्क मिसळलेला असू शकतो. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. ते आधी दृष्टी आणि मग प्राण हिरावून घेते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी याच मिथेनॉलने घेतले होते. २०२० च्या जुलैअखेरीस आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथेही सॅनिटायझर पिऊन दहांहून अधिक माणसे मेली. इराणमध्ये तर मद्य प्यायल्याने कोरोना होत नाही या अफवेने २०२० मध्ये मिथेनॉलचे शेकडो बळी गेले. तेथे मद्यबंदीचा कायदा अत्यंत कठोर आहे, हे लक्षात घ्यावे.

वणीच्या बातमीवर ‘दारूसाठी काहीही पितात’ अशी प्रतिक्रिया सहज उमटली. सॅनिटायझर पिण्यापर्यंत पोहोचलेला माणूस चैन करीत नसतो, तो आजाराच्या शेवटच्या पायरीवर उभा असतो. त्याला कोणी ‘डॉक्टरकडे चल’ म्हटले असते तर? सात घरांच्या संदर्भात हा प्रश्न आता निरर्थक आहे. पुढच्या घरांच्या संदर्भात नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांतील ५.७ कोटी लोकांना मद्यासाठी मदतीची गरज आहे असा अंदाज दिला होता. मद्याच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो, असे तेच सर्वेक्षण सांगते. उरलेल्या सदतीस जणांपाशी कोण जाणार?

दारूबंदीच्या चळवळीने येथे थोडे थांबून विचार करावा. ही चळवळ आवश्यक आहे, यात शंका नाही. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके दारूबंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ च्या मे महिन्यात उठवली गेली. २००८ च्या नियमाने गावच्या महिलांच्या हाती मतदानाचे शस्त्र दिले: पंचवीस टक्के महिलांनी मागणी करावी, गुप्त मतदान व्हावे, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. ज्या गावांनी हे करून दाखवले, त्यांच्या मायमाउलींना प्रणामच केला पाहिजे. परंतु बाटली आडवी झाल्याच्या विजयी मिरवणुकीनंतर चौथ्या दिवशी त्या गावात कोणाचे हात थरथरत आहेत, कोण भिंतीशी बोलत आहे, हे पाहायला कार्यकर्ता जातो का? मतदानाची तारीख ठरते त्याच बैठकीत रोज पिणाऱ्यांची यादी व्हावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलणे व्हावे, थायमिन आणि इतर औषधे आहेत का याची विचारपूस व्हावी, रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल ते ठरावे. टाळेबंदीत ज्या तरुणांनी शिधा पोहोचवला, परगावच्या मजुरांना जेवू घातले, रक्तदान घडवून आणले, त्यांना हे काम अवघड नाही. त्यांना गल्लीतले प्रत्येक घर ठाऊक आहे. त्यांनी शिध्याची पिशवी दारातून आत दिली तेव्हा आत कोण अंथरुणाला खिळले आहे, हेही काहींनी पाहिले असेल.

रुग्णालयातून माणूस पाच-सात दिवसांनी घरी येतो, तेव्हा त्याचे शरीर दारूपासून सुटलेले असते, मन नव्हे. सायंकाळ झाली की पावले वळतात. या सायंकाळचे काय करायचे, हा व्यसनमुक्तीतला खरा कठीण प्रश्न आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तिचा सारा भर एकत्र बसण्यावर आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथेही औषधाच्या गोळीइतकेच समूहाला महत्त्व आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगाव नेलेली सामुदायिक प्रार्थना सायंकाळचीच. घरी एकट्याने करायची असती तर तिला सामुदायिक म्हटले नसते. दारूच्या अड्ड्याकडे वळणारी वेळ आणि प्रार्थनेला बसण्याची वेळ एकच आहे. टाळेबंदीने दारूचे दुकान बंद केले, तशी ही बैठकही बंद केली. पूर्वी दारू सोडलेले काही जण त्या काळात पुन्हा घसरले, त्यामागे हे कारण असल्याचे व्यसनमुक्तीचे काम करणारे सांगतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या अनेक गटांनी आपल्या सभा टेलिफोनवर आणि संगणकावर चालवून ही पोकळी काही अंशी भरून काढली. ज्यांच्याकडे साधा मोबाइल होता आणि त्यातही रिचार्ज नव्हता, त्यांच्यापर्यंत ती सोय पोहोचणे शक्य नव्हते.

आता व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे विनामूल्य क्रमांक आहेत. ते प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक मंडळाच्या फलकावर असावेत. शक्य तर एखाद्या कार्यकर्त्याने प्रथम स्वतः फोन लावून पाहावा. मग दुसऱ्याला सांगणे सोपे जाते.

डेबूजी मोठा झाला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू आणि मटण द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. बापाच्या मरणाची आठवण असलेल्या त्या तरुणाने रीत मोडली. पण त्याने नुसता नकार दिला नाही. दापुऱ्याच्या त्या घरी सोयऱ्याधायऱ्यांसाठी गोडाधोडाचा स्वयंपाक रांधला गेला आणि पंगत मांडली गेली. काहींनी नाके मुरडली, कुरबूर केली, आणि मग ते जेवायला बसले.